गाण्यातला बाप

१ जानेवारी १९७९, सोमवार

विमा एजंटाने दिलेली डायरी. यंदा संकल्प एकच. राग सोडला.

काल डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढवला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. म्हणाले, तारळेकर, गोळी देतो, पण तुमचं चिडणं गोळीनं जाणारं नाही. मी चिडका नाही, असे त्यांना शांतपणे सांगितले. दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले.

वास्तविक राग हा माझा स्वभावच नव्हे. ऑफिसात हेडक्लार्क म्हणून थोडा आवाज ठेवावा लागतो. घरी तर प्रश्नच नाही. मी दारात आलो की मीनाक्षी रेडिओ बंद करते, पद्मजा पुस्तक उघडते. सांगावे लागत नाही. ह्याला आदर म्हणतात. मंगळवार पेठेत असे घर दुसरे दाखवा.

पद्मजा दिवाळीपासून माझ्याशी बोललेली नाही. बी.ए.चे शेवटचे वर्ष. पोरगी अभ्यासात एकाग्र झाली आहे.

३ जानेवारी, बुधवार

राग नाही. ऑफिसात टाचणी मोडली म्हणून दौत फेकली, पण ती रिकामी होती.

७ जानेवारी, रविवार, सकाळी ९

काल कॉलेजचे गॅदरिंग. मायलेकी गेल्या होत्या. मी गेलो नाही, असला धांगडधिंगा मला सोसत नाही. आज सकाळी तालमीपाशी बाळासोने गाठले. बाळासो म्हणजे आमच्या तालमीचा वस्ताद, मनगट माझ्या पोटरीएवढे. म्हणाला, काल कॉलेजात राडा झाला. तवनाप्पा गूळवाल्यांचा श्रेणिक, त्याने मिरजेहून विजेवरची गिटार आणली आहे. चौघे मित्र जमवून त्याने 'रॉक' म्हणून काही वाजवले. गाणे मराठीत. आणि गाण्यात बापाला चक्क 'बाप' म्हटले आहे. वडील नाही, बाबा नाही. बाप.

पोरे बाकावर चढून नाचली. दोन प्राध्यापक उठून गेले. प्राचार्यांनी मेन स्विच बंद केला, तर पोरांनी अंधारात टाळ्यांवर पुढचे कडवे म्हटले.

मला घाम फुटला. राग नव्हे, तळमळ.

त्याच दिवशी, दुपारी

विरोध करायचा तर शब्द हाताशी हवेत. पद्मजाला हाक मारली. गाणे ऐकलेस ना, आठवेल तेवढे लिहून दे, म्हटले. तिने आईकडे पाहिले. मग खाली बसून एका दमात सगळी कडवी लिहिली. एकदा ऐकून पाठ! स्मरणशक्ती माझ्यावर गेली आहे. एका ठिकाणी मात्र थांबली, 'सिंह' खोडून 'वाघ' केले, मान वाकडी करून वाचले आणि कागद माझ्या हातात दिला.

मजकूर असा:

सात वाजले, बाप आला
घर झालं गप्प
रेडिओ गप्प, भांडी गप्प
आई गप्प, मी गप्प

कोण आलंय एवढं मोठं?
वाघ नाही, वीज नाही
चपला काढतोय एक माणूस
दुसरं काही नाही

आमटीत मीठ कमी पडलं
ताट गेलं अंगणात
आई वेचते खाली शितं
आम्ही मोजतो मनात

बाप म्हणतो, आदर आहे
आदर असा असतो?
आदर हसतो, आदर भांडतो
हा कोपऱ्यात बसतो

कागद दोनदा वाचला. कुणाच्या तरी घरात असा बाप असेलही. आहे म्हणून चव्हाट्यावर आणायचा? मीनाक्षीला म्हटले, काय दिवस आले बघ. ती पदराने भांडे पुसत होती. कोरडेच भांडे पुसत होती.

८ जानेवारी, सोमवार, सकाळी ६

तालमीच्या भिंतीवरचा काळा फलक गेली अकरा वर्षे मी लिहितो. सुविचार, निधनवार्ता, कुस्त्यांच्या तारखा. माझे अक्षर बघायला लोक सायकलवरून उतरतात. आजपासून मोहीम. वर गाण्याचे एक कडवे, खाली माझे खंडन. रोज एक.

आज पहिले कडवे. खंडन बावीस ओळींचे झाले. शेवटी अक्षर बारीक करावे लागले.

१० जानेवारी, बुधवार

अभूतपूर्व प्रतिसाद. फलकापुढे सकाळी पन्नास माणूस. बायका नळावर घागर ठेवून वाचून जातात. अकरा वर्षांत सुविचाराला एवढी गर्दी झाली नव्हती. लेखणीची ताकद म्हणतात ती ही.

एक गोष्ट खटकली. कुणीतरी खालचे खंडन पुसून वरचे कडवे तेवढे ठेवले होते. बाळासोला जाब विचारला. तो म्हणाला, "वरचंच वाचत्यात सायेब. खालचं जरा लांबतंय."

राग आला नाही. खडूची पेटी भिंतीवर आपटली ती हातातून निसटली म्हणून.

१२ जानेवारी, शुक्रवार

चारही कडवी फलकावर येऊन गेली. परिणाम दिसू लागले आहेत, पण उलटे. कोपऱ्यावर म्हशीची धार काढणारा धारेच्या तालावर 'रेडिओ गप्प, भांडी गप्प' म्हणतो आणि दूध प्यायला उभे असलेले लोक पेल्यावर ठेका धरतात. ज्या पोरांनी गाणे कधी ऐकलेले नाही त्यांना शब्द पाठ आहेत. कुठून शिकतात कळत नाही. चौकशी केली पाहिजे.

तालुक्याच्या साप्ताहिकात पत्रे आली आहेत. एका सेवानिवृत्त मामलेदारांनी गिटारवर बंदी मागितली. एका बाईंनी, नाव न देता, एवढेच लिहिले आहे की आमच्याकडे साडेसहाला येतात.

१४ जानेवारी, रविवार, संक्रांत

तिळगूळ वाटायला बाहेर पडलो. तीन घरांत मला बघून गाणे गुणगुणणारी माणसे एकदम थांबली. माझ्या मोहिमेचा धाक बसला आहे.

१५ जानेवारी, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकून गूळबाजारात तवनाप्पांच्या पेढीवर गेलो. गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, सौदा चालला होता. मी सरळ विषयाला हात घातला: तुमच्या मुलाने तुमची अब्रू काढली आहे आणि तुम्ही गूळ विकत बसला आहात.

तवनाप्पा चिडले नाहीत. गुळाचा खडा पुढे केला. "तारळेकर, मी घरात शिरलो की आमची घरवाली त्रिशला रेडिओचा कान पिळून मोठ्ठा करती. नातवंडं खिसं तपासत्यात. मला कोण भीत न्हाय हो. ते गाणं माझं न्हाय."

मग श्रेणिकला बोलावले. केस कानावर, पण पाया पडला. म्हणाला, काका, चाल माझी, शब्द माझे नाहीत. कुणाचे? ते सांगणार नाही, शब्द दिलाय. मी आवाज चढवला. हमाल पोती टाकून गोळा झाले. पोरगा खाली बघत उभा राहिला आणि तवनाप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत काय होते ते समजले नाही. कीव असावी, स्वतःच्या मुलाची.

म्हणजे कवी वेगळाच आहे. शोधून काढतो.

१७ जानेवारी, बुधवार

तर्कशास्त्राने विचार केला. कवी ह्याच कॉलेजातला. घरात बाप तापट. बाप संध्याकाळी सातच्या सुमाराला येतो, म्हणजे नोकरदार. ताट फेकतो. आणि वर त्याला आदर समजतो, म्हणजे मूर्खही असणार.

पेठेतले सगळे बाप डोळ्यांपुढे आणले. एकही बसेना. बाळासोला विचारले, तुझ्या माहितीत असा कोण आहे. त्याने आभाळाकडे पाहिले आणि उद्या थंडी वाढेल म्हणाला.

ताटावरून आठवले. मागे एकदा आमच्याकडेही ताट अंगणात गेले होते. पण मी ते फेकले नव्हते. सरकवले. ओसरीला उतार आहे.

२० जानेवारी, शनिवार

अर्ज तयार. प्राचार्यांना. अकरा कलमी. मुख्य मागणी, गीतकाराचा शोध लावून त्यास मार्चच्या विद्यापीठ परीक्षेस बसू देऊ नये. पण सरकारी मसुद्यात वाट एक ठेवावी लागते, नाहीतर तो टिकत नाही. म्हणून कलम नऊ घातले: 'सदर गीतात ज्या पित्याचा अपमान झाला आहे, त्या पित्याने स्वतःच्या सहीने नाहरकत लिहून दिल्याखेरीज ही बंदी उठवू नये.' ह्या कलमावर मी खूश आहे. कोणता बाप पुढे येऊन लिहून देणार की तो मीच? नोकरीत सव्वीस वर्षे घालवली ती उगीच नाही.

स्वच्छ प्रत काढायला पद्मजाला बसवले. अक्षर चांगले आहे. सातव्या कलमापर्यंत आली आणि पेन खाली ठेवले. त्या पोराची चीड आली असणार. मग वर बघून तिने विचारले, "अप्पा, परीक्षेला खरंच बसू देणार नाहीत?"

दिवाळीनंतर पहिल्यांदा बोलली. मला भरून आले. म्हटले, बसू देणारच नाहीत, वर्ष वाया जाईल, जन्माची अद्दल घडेल. तिने मान हलवली आणि उरलेली चार कलमे लिहून दिली. एक चूक नाही.

स्वयंपाकघरात मीनाक्षीच्या हातून तांब्या पडला. मी ओरडलो नाही. फक्त उठलो. ती म्हणाली, "अहो, एवढं एक सोडा. माझं आजवर काही ऐकलं नाहीत, एवढं ऐका." सार्वजनिक कामात बायकांचे ऐकले तर झालेच. तिला तसे सांगितले. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही ऐकू गेले असावे, त्यांचा पाळणा थांबला.

२२ जानेवारी, सोमवार

एकशे बारा सह्या. लोक सही करताना माझ्याकडे चमत्कारिक बघतात. तीन-चार जणांनी विचारले, साहेब, नक्की देणार का हा अर्ज, परत एकदा विचार करा. बाळासोने तर सही न करता अर्ज परत दिला. आयुष्यात कुणाला भ्याला नाही तो माणूस ह्या कॉलेजच्या पोरांना भितो.

अर्ज कॉलेजात दाखल. पोच घेतली. प्राचार्यांनी वाचून चष्मा काढला आणि विचारले, तारळेकर, तुम्ही घरी विचारलंत का? मी म्हटले, घरी काय विचारायचे, प्रश्न समाजाचा आहे.

शुक्रवारी २६ तारखेला तालमीपुढे निषेध सभा. मीच वक्ता. गीतकाराला सर्वांसमक्ष उभे राहण्याचे आव्हान देणार.

२६ जानेवारी, शुक्रवार

लिहायला सुचत नाही. क्रमाने लिहितो.

पाच वाजता सभा. माणूस मावत नव्हता. बायका आपणहून आल्या होत्या, पुढे बसल्या. तवनाप्पा, श्रेणिक मागे. मीनाक्षी आणि पद्मजा डाव्या अंगाला. मी माईक धरला. खंडन करायचे तर आधी गाणे वाचून दाखवले पाहिजे, म्हणून वाचायला लागलो. 'सात वाजले, बाप आला' म्हटले आणि पुढची ओळ बायकांनी म्हटली. मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत. चारही कडवी म्हणून झाली. नाचणे नाही, गिटार नाही. आरतीसारखी सरळ म्हटली.

मी ओरडलो की हे काय चालले आहे. तेव्हा बायडाबाई उठली. मंडईत भाजी विकते, अकरा वर्षे माझा फलक वाचते. म्हणाली, "सायेब, ह्यात खोटं काय हाय तेवढं सांगा की."

गोंगाटात प्रश्न नीट ऐकू आला नाही. मी आव्हान दिले: हिंमत असेल तर कवीने उभे राहावे. श्रेणिक उठायला लागला. पण त्याच्या आधी डावीकडे कुणीतरी उभे राहिले.

"अप्पा, मी लिहिलंय," पद्मजा म्हणाली. तिला माईक नव्हता. तरी सगळ्यांना ऐकू गेले. कुणालाही आश्चर्य वाटले नाही. ते मी नीट पाहिले. एकशे बारा सह्यांपैकी एकाही चेहऱ्याला आश्चर्य वाटले नाही.

मी पुढे काय बोललो आठवत नाही. बाळासो म्हणतो, काहीच बोलला नाहीत, माईक धरून उभे होता, शेवटी मीच माईक काढून घेतला.

२७ जानेवारी, शनिवार

शांतपणे विचार केला.

पद्मजाने लिहिले ठीक. कवीला कल्पनाशक्ती असते. पण तो बाप मी नव्हे. पुरावे आहेत. गाण्यातला बाप सातला येतो, मी सहा पन्नासला येतो. गाण्यात आमटीत मीठ कमी आहे, आमच्याकडे त्या दिवशी जास्त होते. शिवाय मी घरात चपला काढत नाही, ओसरीवर काढतो.

पेठेने सह्या केल्या, त्या सगळ्यांना माहीत होते. मला कुणी सांगितले नाही. घाबरले म्हणे. मला? मी काय खातो का कुणाला? बाळासोला हे विचारले तर तो दोन पावले मागे सरकला. बाळासो.

२९ जानेवारी, सोमवार

कॉलेजात गेलो. अर्ज मागे घेतो म्हटले. प्राचार्य म्हणाले, अर्ज एकट्याचा नाही, एकशे बारा सह्या आहेत. शिवाय मुलीने सभेत कबूल केले आहे, संचालकांच्या कानावर गेले आहे. आता तुमचेच कलम नऊ आहे. परीक्षेच्या फॉर्मांची यादी शनिवारी विद्यापीठाला जाते. त्याच्या आत नाहरकत आणा.

मसुदा इतका पक्का कशाला केला? रागाने टेबलावर हात मारला. माझाच हात सुजला.

३० जानेवारी, मंगळवार

नाहरकत, मसुदा पहिला: 'सदर गीतातील पिता काल्पनिक असून त्याची हरकत असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' प्राचार्यांनी परत केला. काल्पनिक माणसाची सही चालत नाही म्हणाले.

मसुदा दुसरा: 'सदर पिता व निम्नस्वाक्षरीकार यांच्यात काही बाबतींत वरवरचे साम्य आढळते.' हाही परत. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते, तारळेकर, मुलीचं वर्ष आहे.

३१ जानेवारी, बुधवार

पद्मजा अभ्यास करते आहे. बसू देतील की नाही माहीत नाही, तरी करते आहे. मला बघून तिने पुस्तक उघडले नाही. ते उघडलेलेच होते.

संध्याकाळी मीनाक्षीला विचारले. हळू आवाजात विचारले, कारण विचारायलाच जड जात होते. म्हटले, ताट एकदाच गेले ना गं अंगणात?

तिने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "सात वेळा. मी मोजत नव्हते. पद्मजा मोजायची."

मला राग यायला हवा होता. वाट बघितली. आला नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

नाहरकत दाखल केली. पोच घेतली. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण सव्वीस वर्षांत एवढा छोटा मसुदा मी केलेला नाही.

'सदर गीतातील बाप मी आहे. माझी हरकत नाही. नृसिंह त्र्यंबक तारळेकर.'

आधी 'पिता' लिहिले होते. खोडून 'बाप' केले. प्राचार्यांनी तिचे नाव माझ्यासमोर यादीत घातले. चहा मागवला. दोघांनी प्यायला.

घरी सांगितले, परीक्षेला बसशील. पद्मजाने बरं म्हटले. एवढेच. मी आणखी काही ऐकायच्या अपेक्षेने उभा होतो. मग मोरीवर जाऊन पाय धुतले.

४ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ७.२०

तालमीच्या कट्ट्यावर बसून लिहितो आहे.

ऑफिसला सुट्टी, तरी फिरून परत यायला नेहमीची वेळ झाली. बोळात शिरलो तर आमच्या घरातून आवाज. आधी वाटले दुसरे घर. मायलेकी बोलत होत्या. पद्मजा कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक माझीच, आणि मीनाक्षी हसत होती. तिचे हसणे मी ओळखले नाही. लग्नाला चोवीस वर्षे झाली.

पायरीपर्यंत गेलो. कडीला हात लावला आणि काढून घेतला. आत गेलो की हसणे थांबणार, हे मला पक्के माहीत आहे, आणि थांबू नका असे ओरडून सांगण्यात अर्थ नाही.

बाळासो विचारतो, सायेब, घरला जायचं न्हाय व्हय? म्हटले, जातो की. थोडा वेळ बसतो.